एकच मंगळवार, तीन हजेऱ्या

गेल्या उन्हाळ्यात सलग सहा आठवडे मी माझ्या संगणकावर वाकाटाइम, अ‍ॅक्टिव्हिटीवॉच आणि टॉगल ट्रॅक ही कामाचा वेळ मोजणारी तिन्ही साधने एकाच वेळी चालू ठेवली होती. मी परभणीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रामिंग करतो आणि तासांवर बिल लावतो; त्यामुळे दिवसभरात नेमके किती काम झाले, हा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा नाही. तिघांचे आकडे थोडेफार मागेपुढे येतील, एवढीच अपेक्षा होती. एका मंगळवारी मात्र वाकाटाइमने दोन तास चाळीस मिनिटे, अ‍ॅक्टिव्हिटीवॉचने चार तास दहा मिनिटे आणि टॉगलने सात तास पंचवीस मिनिटे दाखवली.

यातले कोणतेही साधन चुकलेले नव्हते. वाकाटाइम हे एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये, बसणारे प्लगइन (जोडप्रोग्राम) आहे. आपण फाइल बदलली, जतन केली किंवा तीत काम करत राहिलो की ते सर्व्हरकडे एक छोटी नोंद पाठवते, आणि लागोपाठच्या दोन नोंदींमध्ये पंधरा मिनिटांपेक्षा कमी अंतर असेल तर मधला सगळा वेळ कामाचा धरते. एडिटरबाहेरचे जग त्याला मुळात दिसत नाही. अ‍ॅक्टिव्हिटीवॉच पडद्यावर कोणत्या प्रोग्रामची खिडकी समोर आहे ते पाहते. पण कीबोर्ड आणि माउस तीन मिनिटे शांत राहिले की माणूस जागेवरून उठला, असे ठरवून टाकते. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला किचकट कोड मी दहा मिनिटे हात न लावता वाचला, तर वाकाटाइम ती दहा मिनिटे माझ्या खात्यावर मांडते आणि अ‍ॅक्टिव्हिटीवॉच ती कापून घेते. पंधरा आणि तीन मिनिटे हे दोन्ही आकडे मूळ मांडणीतले आहेत आणि बदलता येतात. पण ते बदलणारे फार कमी लोक मी पाहिले आहेत. टॉगलचे काम त्या मानाने साधे आहे. टायमर आपणच सुरू करायचा, आपणच थांबवायचा, आणि थांबवायला विसरलो तर रात्रीचे जेवणही कामात धरले जाते.

त्या मंगळवारी एकाच भरण्याच्या दोन पावत्या निघत असल्याची तक्रार आली होती. सकाळभर प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी (लॉग) चाळल्या, काही हाती लागले नाही. दुपारी एक वाजता वीज गेली ती साडेतीनला आली. आमच्या इन्व्हर्टरवर पंखा आणि राउटर चालतो, डेस्कटॉप चालत नाही. त्या अडीच तासांत मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर दोन प्रक्रिया एकाच रांगेतून काम कशा उचलतात याची आकृती काढत बसलो, आणि तिसऱ्या आकृतीत दोघींनी एकच काम उचलण्याची फट सापडली. दुरुस्ती अकरा ओळींची होती. ज्या अडीच तासांत खरे काम झाले, ते दोन साधनांच्या लेखी शून्य होते. टॉगलचा टायमर मोबाइलवर चालू राहिला, म्हणून तेवढे तिथे नोंदले गेले.

हे आलेख मी सहज वडिलांना दाखवले. ते कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झाले. उमेदीची वर्षे रोजगार हमीच्या कामांवर गेली, जिथे मजुरी नुसत्या हजेरीवर नव्हे तर खोदलेल्या मातीच्या मापावर ठरे. चष्मा वर करून त्यांनी एवढेच विचारले, "हे तर मस्टर झालं. एमबी कुठंय?" मस्टर म्हणजे हजेरीपट, एमबी म्हणजे झालेल्या कामाची मोजमाप पुस्तिका. खोदताना खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उंचवटा मुद्दाम न खणता ठेवत, म्हणजे मूळ जमीन कुठे होती ते नंतर मोजता येई, हेही त्यांनी त्याच ओघात सांगितले. (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली जुनी नोंद हेच काम करते, हे मी त्यांना समजावायला गेलो नाही.)

संशोधक निकोल फोर्सग्रेन आणि सहकाऱ्यांनी प्रोग्रामरांच्या उत्पादकतेसाठी 2021 मध्ये मांडलेल्या स्पेस या चौकटीतही समाधान, कामाचा परिणाम, हालचाल, परस्पर संवाद आणि कामाचा अखंड ओघ अशी पाच अंगे आहेत, आणि एकाच मापावर उत्पादकता ठरवू नये असा तिचा आग्रह आहे. वरची तिन्ही साधने फार तर हालचाल मोजतात.

मोजलेली माहिती कोणाकडे जाते, हा मुद्दा मला अचूकतेहून मोठा वाटतो. वाकाटाइम कोड पाठवत नाही, पण प्रकल्पाचे, कोडच्या शाखेचे (ब्रँच) आणि फाइलचे नाव पाठवते. फाइलची नावे झाकण्याची सोय आहे, आणि तीच प्लगइन्स वापरून नोंदी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायच्या असतील तर वाकापी हा मुक्तस्रोत पर्याय आहे. अ‍ॅक्टिव्हिटीवॉच सगळे आपल्याच यंत्रावर ठेवते. ते खिडक्यांची शीर्षकेही टिपते, ज्यांत बँकेपासून खासगी पत्रांपर्यंत सारे येते, त्यामुळे ते घराबाहेर न जाणेच बरे. लिनक्सवर वेलँड ही पडदा हाताळणारी व्यवस्था असेल तर मात्र खिडक्या पाहण्यासाठी वेगळा निरीक्षक प्रोग्राम लागतो. याउलट, पूर्वी एका ग्राहकाने मला दर दहा मिनिटांत पडद्याचे छायाचित्र घेणारे आणि कळा दाबण्याची टक्केवारी काढणारे साधन बसवायला लावले होते. दुसऱ्याच आठवड्यात, दस्तऐवज वाचताना मी उगाच माउस हलवत असल्याचे माझ्या लक्षात आले. ते काम मी पुढे सोडले.

आता बिल टॉगलवरून जाते. अ‍ॅक्टिव्हिटीवॉच फक्त माझ्यापुरते आहे आणि त्याची तीन मिनिटांची मर्यादा मी दहावर नेली आहे. वाकाटाइम काढून टाकले. बिलातल्या प्रत्येक नोंदीपुढे काय बदलले ते एका ओळीत लिहितो. तो नमुना वडिलांना दाखवला, तेव्हा त्यांनी तपासणाऱ्याची सही कुठे आहे असे विचारले. एमबीत मोजणारा एक आणि तपासणारा वरचा अधिकारी असे. त्या रकान्यात आता, कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याने मंजूर केलेल्या बदलाचा दुवा असतो.