पुढचे डिफ-लॉक किती उपयोगाचे? गुरखावरच्या हंगामी नोंदी

पुढच्या ॲक्सलला, म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या आसाला, डिफ-लॉक (त्या दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरायला लावणारे लॉक) बसवावे की नाही, हा वाद कच्च्या वाटांवर फोर-बाय-फोर गाड्या चालवणाऱ्या आपल्या मंडळींत दर पावसाळ्याआधी निघतो आणि बहुतेक वेळा तो ऐकीव माहितीवरच चालतो. कारण ज्याने ते बसवले आहे त्याचे पैसे खर्च झालेले असल्यामुळे तो त्याची बाजू घेतो, आणि ज्याच्याकडे ते नाही तो त्याच्यावाचूनही आपण कुठे कुठे चढलो हे सांगत बसतो. माझ्याकडे २०२१ च्या रचनेची तीन दारांची फोर्स गुरखा आहे. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे यांत्रिक लॉक कारखान्यातूनच येतात आणि दोन्हींच्या दांड्या वेगळ्या असतात, त्यामुळे तीच गाडी, तेच टायर आणि तीच वाट ठेवून केवळ एक दांडी ओढल्याने काय बदलते हे पाहता येते. एका मित्राला त्याच्या जिप्सीसाठी निर्णय घ्यायचा होता, म्हणून या हंगामात हे काम ठरवून केले. खालच्या नोंदींत मागचे लॉक लावलेलेच आहे असे धरावे; त्यावर पुढच्या लॉकने किती भर पडते, एवढेच मी पाहिले आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. ओपन डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे, लॉक नसलेले गियरांचे यंत्र, सगळी ताकद मोकळ्या फिरणाऱ्या चाकाकडे पाठवते असे सर्रास सांगितले जाते, पण प्रत्यक्षात ते दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. एक चाक हवेत असले, तर त्याला फिरण्यापुरता जो टॉर्क लागतो तेवढाच जमिनीवरच्या चाकालाही मिळतो, आणि तो जवळजवळ शून्य असतो. लॉक लागले की दोन्ही हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) एकाच वेगाने फिरतात आणि ज्या चाकाला पकड आहे ते आपल्या पकडीच्या मर्यादेपर्यंत टॉर्क घेऊ शकते. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकदम उचलले गेले, तर दोन्हीकडे ओपन डिफरन्शियल असलेली फोर-बाय-फोर जागीच उभी राहते. मागचे लॉक लावले की मागचे डावे चाक तिला ढकलू लागते आणि आपल्याकडच्या बहुतेक अडचणी तेवढ्यावरच सुटतात.

जून: मुरुमाचा चढ

मुळशीच्या बाजूला एका ओळखीच्या गृहस्थांच्या खासगी जागेत, त्यांच्या परवानगीने, मुरुमाचा एक चढ सापडला. मोबाइलवरच्या कोनमापकाने त्याचा उतार ३० अंशांच्या आसपास दाखवला आणि मध्यावर दोन्ही बाजूंना आळीपाळीने खड्डे होते. गाडी फोर-लोमध्ये (चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणाऱ्या रेंजमध्ये), पहिल्या गियरवर, टायरमधील हवा १८ पीएसआयवर आणली होती. मागच्या लॉकवर गाडी वर गेली. पुढचेही लावल्यावर तशीच वर गेली. फरक शोधावाच लागला: लॉक नसताना खड्ड्यापाशी पुढचे एक चाक क्षणभर मोकळे फिरत होते, आणि लॉक असताना ते फिरत नव्हते. वर पोहोचण्याच्या दृष्टीने त्याचा काहीच परिणाम झाला नाही.

याचे कारण साध्या गणितात आहे. गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २४०० मिमी आहे. सपाटीवर भार पुढे-मागे निम्मा-निम्मा आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५० मिमी उंच आहे असे धरले, तर ३० अंशांच्या चढावर पुढच्या ॲक्सलवर सुमारे ३२ टक्के भार उरतो आणि ६८ टक्के मागे जातो. ज्या चाकांवर जेमतेम एक तृतीयांश भार आहे ती कितीही घट्ट बांधली, तरी त्यांच्याकडून मिळणार ते एक तृतीयांशच. चढ जेवढा तीव्र तेवढे पुढचे लॉक निरुपयोगी होत जाते, आणि लॉक विकत घेताना मात्र लोकांच्या डोळ्यांसमोर नेमका तीव्र चढच असतो.

त्याच गणिताची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. आपण घळीत नाक खाली करून उतरलो, खाली वाट बंद निघाली आणि रिव्हर्समध्ये बाहेर यायचे ठरले, तर पुढची चाके चढाच्या खालच्या बाजूला असतात आणि तो ६८ टक्के भार त्यांच्यावर येतो. हाच मुरुमाचा चढ मी उलटा चढून पाहिला. मागच्या लॉकवर मागची दोन्ही चाके मुरूम उकरत राहिली आणि गाडी मध्यावरच थांबली. पुढची दांडी ओढल्यावर इंजिनचा आवाज फारसा न बदलता ती सावकाश वर आली. सह्याद्रीतल्या जुन्या बैलगाडी वाटांवर वळायला जागा नसते आणि माघार घेण्याची वेळ वारंवार येते. मला विचाराल तर पुढच्या लॉकचा सर्वांत भक्कम उपयोग हाच आहे.

जुलै: चिखल आणि तिरका उतार

चिखलाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण निकाल स्पष्ट आहे. काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर टायरच्या खाचा एकदा भरल्या की चार चाके म्हणजे चार गुळगुळीत रूळच होतात. मागच्या लॉकवर गाडी जिथे अडली, तिथून दोन्ही लॉकवर ती जेमतेम गाडीच्या लांबीइतकी पुढे गेली आणि मग चारही चाकांवर एकसारखी खाली बसली. दुसरी गाडी विंचसह (दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्रासह) वरच्या कडक जमिनीवर आधीच उभी केलेली होती, तिनेच बाहेर काढले. लॉकमुळे रुतणे टळत नाही. ते थोडे पुढे जाऊन आणि अधिक खोल होते.

तिरका उतार हा मात्र सावधगिरीचा विषय आहे. दापोलीकडे जांभ्याच्या लाल मातीत, डावीकडे कललेल्या ओल्या पट्ट्यावर, दोन्ही लॉक लावून पुढे सरकताच गाडीचे नाक डोळ्यांदेखत खाली घसरू लागले. ओपन डिफरन्शियलवर पुढचे एक चाक घसरून फिरते, पण दुसरे संथपणे लोळत असते आणि तेच गाडीला आडवे घसरण्यापासून धरून ठेवते. लॉक लागले की दोन्ही चाके एकदम घसरतात आणि आडवी पकड दोन्हींची एकदम जाते. मागच्या लॉकने शेपूट घसरते हे बहुतेकांनी अनुभवलेले आहे. पुढच्याने नाक घसरते आणि त्याच वेळी स्टिअरिंगही साथ देत नाही. कललेल्या ओल्या वाटेवर पुढचे लॉक काढूनच जावे, हे मी आता नियम म्हणून पाळतो.

गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेतल्या गाड्यांना दोन्ही लॉकर असतात, असा दाखला नेहमी दिला जातो. तिथे घड्याळ चालू असते, विंच असतो, सहचालक खाली उतरलेला असतो, आणि तुटलेला भाग रात्रीत बदलायची तयारी असते. सोमवारी त्याच गाडीने कचेरी गाठायची असेल तर तो दाखला आपल्याला लागू पडत नाही.

ऑक्टोबर: ओढ्यातली पायरी

पाऊस ओसरल्यावर ओढ्यातला काळा कातळ मोकळा झाला आणि पुढच्या लॉकला अनुकूल अशी जागा मिळाली. पाण्याने झिजलेल्या बेसॉल्टची ही पायरी गुडघ्याच्या थोडी खाली येते, तिची कडा गोलसर आहे, आणि तिच्यापुढे सुट्या गोट्यांचा थर आहे. मागच्या लॉकवर पुढचे उजवे टायर पायरीला टेकले, त्याची कड फुगली, आणि डावे चाक शेवाळावर फिरू लागले. मागची चाके ढकलत होती, पण ढकलण्याने टायर पायरीवर दाबले जाते, वर चढत नाही. थोडा वेग घेऊन गेल्यास गाडी चढते, परंतु ती उडी मारून चढते, आणि खाली आदळताना त्याचा भार सस्पेन्शनवर आणि पोटाखालच्या पत्र्यावर येतो.

पुढचे लॉक लावले तेव्हा ॲक्सिलरेटरवर पाय ठेवण्याचीही गरज पडली नाही. दोन्ही टायर एकदम कातळाला भिडले, रबर चावा घेतल्यासारखे कडेवर बसले, आणि २५० न्यूटन-मीटरचे डिझेल इंजिन आयडलवरच नाक वर घेऊन गेले. वर पोहोचणे दोन्ही रीतींनी जमले, पण एका रीतीने आदळत आणि दुसऱ्या रीतीने चालत. शिवाय चाक कमी फिरले की वाटही कमी खणली जाते. पुढच्या वर्षी तीच वाट हवी असेल तर हा मुद्दा लहान नाही.

माझ्या गाडीला याचा लाभ जास्त होतो, त्याचेही कारण आहे. या रचनेत पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. चाकाला खाली लोंबण्याची मुभा सलग ॲक्सलच्या मानाने कमी मिळते, त्यामुळे पुढचे चाक लवकर हवेत जाते आणि लॉकची गरज लवकर लागते. याच्या उलट टोकाला जीप रँग्लर रुबिकॉन आहे. २००३ पासून तिला दोन्ही लॉक येतात, आणि २०२१ पासून तिची जुळणी आपल्या रांजणगावातही होऊ लागली. तिचा सलग पुढचा ॲक्सल आणि बटणाने सुटणारा स्वे बार (गाडीचा कल रोखणारा दांडा) यांमुळे पुढची चाके बराच वेळ जमिनीवरच राहतात. तिथेही क्रम ठरलेला आहे: आधी मागचे लॉक, मग पुढचे, केवळ पुढचे लावता येत नाही. मर्सिडीजच्या जी-वॅगनमध्येही मधले, मागचे आणि शेवटी पुढचे असाच क्रम असतो.

लावणे, काढणे आणि मोडणे

दांडी ओढली म्हणजे लॉक लागलेच असे नाही. आतले दाते समोरासमोर यावे लागतात, त्यासाठी गाडी रांगत्या वेगाने थोडी पुढे न्यावी लागते. मग खालून एक बारीक टक ऐकू येते आणि स्टिअरिंग हातात जड होते. काढतानाही तेच: दांडी खाली केल्यावरही शाफ्टमध्ये पीळ राहिलेला असेल तर दाते अडकून राहतात आणि गाडी हातभर मागे-पुढे केल्यावर सुटतात. चाक फिरत असताना लॉक कधीही ओढू नये. लॉक लागलेले असताना स्टिअरिंगच्या आऱ्यांमध्ये अंगठे घालू नयेत, कारण दगडाचा हिसका थेट हातात येतो.

लॉक लागल्यावर गाडी सरळ जाऊ पाहते. स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला, तर सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा शाफ्टचा सांधा) सर्वांत तिरक्या अवस्थेत सर्वांत जास्त भार घेतो. एका पुढच्या चाकावर ५०० किलो भार, घर्षण ०.८ आणि चाकाची त्रिज्या ०.३७५ मीटर धरली, तर चाक घसरण्यापूर्वी शाफ्टवर साधारण १५०० न्यूटन-मीटर येतात. हे घसरणेच शाफ्टला वाचवते. मात्र चाक दोन दगडांत अडकले तर घसरण्याची वाट बंद होते. लो रेंजच्या पहिल्या गियरमध्ये गियरांची एकूण घट (वेग जेवढा कमी, टॉर्क तेवढा जास्त) ४० पट धरल्यास इंजिनच्या २५० चे १०,००० न्यूटन-मीटर होतात, आणि त्यांतला किती भाग एका जॉइंटवर जाईल हे बाकीच्या तीन चाकांच्या पकडीवर राहते.

हे आमच्या गटात एकदा पाहायला मिळाले. एका सोबत्याच्या जुन्या गाडीला पुढे बाहेरून लॉकर बसवलेला होता आणि टायर मूळ मापापेक्षा मोठे होते. पूर्ण डावीकडे वळवलेल्या चाकाने तो ओढ्यातून वर येत असताना आधी लागोपाठ टक टक झाले, मग फटाक्यासारखा आवाज आला. रबरी बूट फाटून काळे ग्रीस मुरुमावर सांडले होते आणि त्यात सांध्यातल्या पोलादी गोळ्या पडल्या होत्या. त्यानंतर गाडी मागच्या दोन चाकांवर डांबरीपर्यंत आली, कारण तिला फ्री-व्हील हब (पुढची चाके शाफ्टपासून मोकळी करणारी सोय) होते आणि ते सोडता आले.

जिप्सीचे काय ठरले

ज्यांच्या गाडीत ब्रेकवर चालणारी यंत्रणा आहे, त्यांनी पुढच्या लॉकचा विचार सर्वांत शेवटी करावा. २०२० च्या रचनेच्या थारच्या काही प्रकारांत मागे यांत्रिक लॉक असते, शिवाय मोकळे फिरणारे चाक ब्रेकने धरून त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकाला टॉर्क मिळवून देणारी सोयही असते. जिम्नीतही अशीच ब्रेकची व्यवस्था आहे. तिला आधी चाक फिरावे लागते, ॲक्सिलरेटर सोडून चालत नाही, आणि पायरीवरची ती संथ चाल तिच्याने मिळत नाही. पण स्टिअरिंग हलके राहते, तिरक्या उतारावर नाक धरून राहते आणि जॉइंटवर अवाजवी भार येत नाही. पुढच्या ॲक्सलपुरती ही तडजोड मला लॉकपेक्षा बरी वाटते.

जिप्सीला यांतले काहीच नाही. सस्पेन्शनचे पाटे कडक असल्याने चाके लवकर उचलली जातात आणि दोन्ही डिफरन्शियल ओपन आहेत. मित्राला पुढच्या एअर लॉकरचा (हवेच्या दाबाने लागणाऱ्या लॉकचा) अंदाज कॉम्प्रेसर आणि मजुरी धरून लाखाच्या पुढे मिळाला होता. आपोआप लागणारा लॉकर स्वस्तात पडतो, पण पुढच्या ॲक्सलला तो नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे. फोर-बाय-फोर लावल्यावर तो आपल्या मर्जीने लागतो आणि सुटतो, आणि प्रत्येक वेळी स्टिअरिंगला हिसका देतो. लावणे-काढणे आपल्या हातात असेल तरच पुढे लॉक बसवावे.

शेवटी त्याने मागे एअर लॉकर, चांगले मड-टेरेन टायर आणि पुढे विंच असा क्रम ठरवला. पुढच्या ॲक्सलचे जॉइंट मिस्त्रींनी उघडून तपासले, ग्रीस बदलले, आणि एअर लॉकरसाठी घेतलेल्या कॉम्प्रेसरवर दुसऱ्या नळीची जागा मोकळी ठेवली, म्हणजे पुढे कधी वाटलेच तर निम्मे काम झालेले असेल. उलट्या चढाची तपासणी आतापर्यंत कोरड्या मुरुमावरच झाली आहे. ओल्या मातीवर पुढची चाके तो जास्तीचा भार घेऊन खरोखर ओढतात की फक्त उकरतात, हे जूनच्या पहिल्या पावसानंतर त्याच जागेवर दोन्ही गाड्यांनी पाहायचे आहे.