मिरजेची मिरवणूक डब्लिनला

गुरुवारी रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर कॉल आला, नंबर +353 ने सुरू होणारा. आधी उचललाच नाही, म्हटलं फसवणुकीचा असेल. मग मेसेज आला, दादा मी अमुक काकांची मुलगी, तुम्ही आमच्या दारात कॅमेरे लावलेत, आई माझ्याकडं डब्लिनला आलीये बाळंतपणासाठी, प्लीज एकदा बोला. मग मीच फोन केला.

ताईचं म्हणणं असं, की परवा अनंत चतुर्दशी, 6 सप्टेंबर, आणि आईनं दोन दिवस धड जेवण केलेलं नाही. तब्येत बरी आहे, बाळही छान आहे, पण लग्न होऊन मिरजेत आल्यापासनं दारावरनं जाणाऱ्या मंडळाच्या गणपतीला औक्षण केलं नाही असं एकही वर्ष गेलं नाही आणि हे पहिलंच. ती म्हणाली निदान आपल्या लोकल चॅनलवर लागते तशी मिरवणूक तरी आईला दाखवता येईल का, रात्रभर, अख्खी.

ज्यांना मिरज माहीत नाही त्यांना सांगतो, इथली विसर्जन मिरवणूक म्हणजे दोन तासांचं काम नाही. सकाळी सुरू झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, लक्ष्मी मार्केटपासनं गणेश तलावापर्यंत माणसंच माणसं, आणि रस्त्यावर त्या भल्यामोठ्या रंगवलेल्या स्वागत कमानी, त्या बघायला लोक लांबनं येतात. केबलवाले तीन-चार ठिकाणी कॅमेरे लावून सगळं लाइव्ह दाखवतात. नेटवरही कोण ना कोण मोबाइलवरनं लाइव्ह करतंच, पण मागं गाणं वाजत असतं आणि कॉपीराइटमुळं ते मधेच बंद पडतं, ताईनं गेल्या वर्षी तोच अनुभव घेतला होता. म्हणजे घरातला केबलचा सेटटॉप बॉक्स जे दाखवतोय तेच उचलून डब्लिनच्या टीव्हीवर नेऊन ठेवायचं, हे खरं काम.

असलं काम मी एकदाच केलेलं, 2012 ला, सांगलीतल्या एका डॉक्टरांकडं. त्यांच्या मुलानं अमेरिकेतनं स्लिंगबॉक्स आणला होता. तो डबा फार भारी होता. सेटटॉप बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी वायर त्यात घालायची, नेट जोडायचं, आणि जगात कुठंही लॅपटॉप उघडून घरचा टीव्ही बघायचा, वर रिमोटसारखी एक आयआरची, म्हणजे इन्फ्रारेडची वायर, तिच्यानं चॅनलसुद्धा तिकडनं बदलायचं. क्रिकोरियन नावाच्या दोन भावांनी काढला होता तो, कारण काय तर फिरतीवर असताना त्यांना त्यांच्या आवडत्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे बेसबॉलचे सामने बघता येईनात. 2005 ला बाजारात आला. मला हे कारण तेव्हापासनं आवडतं, एवढी मोठी गोष्ट निघाली कशातनं तर आपल्या गावचा सामना चुकतोय यातनं. तो डबा 2020 ला विक्रीतनं गेला आणि 9 नोव्हेंबर 2022 ला त्याचे सर्व्हर रीतसर बंद झाले, त्यामुळं आता तो वापरायचा प्रश्न नव्हता. पण कल्पना तीच, सामान आपलं.

शुक्रवारी सकाळी दहाला काकांकडं गेलो. काका रेल्वेतनं रिटायर, सगळं वेळेवर लागतं. चहा तयार, स्टूल तयार, टीव्हीमागची धूळसुद्धा पुसलेली. म्हणाले, "हे बघ, मला यातलं काय कळत नाही, पण तिला दिसलं पाहिजे."

आधी सोपा रस्ता धरला. माझ्याकडं छोटा एचडीएमआय एन्कोडर होता, म्हणजे चित्र नेटवर पाठवण्याजोगं करणारा डबा, शाळेच्या गॅदरिंगला वापरतो तो. सेटटॉप बॉक्सची एचडीएमआय त्यात घातली तर पडदा काळा. आवाज नाही चित्र नाही. हे होणारच होतं, बॉक्स एचडीएमआयवर एचडीसीपीचं, म्हणजे कॉपी रोखायचं, कुलूप लावून चित्र बाहेर सोडतो, समोर टीव्ही नाही असं दिसलं की दार बंद. मग बॉक्सच्या मागं बघितलं तर एव्ही आउट होतं, तेच पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरचं, जुनंच, त्यावर हे कुलूप नसतं. तिथनं चित्र पकडणाऱ्या यूएसबी कॅप्चर स्टिकमध्ये आणि स्टिक रास्पबेरी पाय 4 ला, म्हणजे तळहाताएवढ्या छोट्या कॉम्प्युटरला. चित्र आलं, 720 बाय 576. लोकल चॅनल तसाही एसडीच, एचडी नाही, त्यामुळं हरवलं काहीच नाही.

पण एक गोष्ट खटकली. चॅनलवर आदल्या वर्षीची मिरवणूक पुन्हा दाखवत होते, त्यात ढोलवाले हात उचलले की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसत होत्या. एव्हीवरचं चित्र इंटरलेस्ड असतं, एका फ्रेमच्या अर्ध्या ओळी आधी आणि अर्ध्या नंतर, आणि जुन्या टीव्हीवर ते डोळ्याला कळत नव्हतं पण लॅपटॉपवर स्पष्ट दिसतं. बातम्यांना चालून गेलं असतं, मिरवणुकीत तर सगळं हलतंच आहे, झांजा, झेंडे, लाइट, म्हणून एन्कोड करायच्या आधी डीइंटरलेस लावलं, म्हणजे त्या अर्ध्या-अर्ध्या ओळी जुळवून घेतल्या, आणि मगच समाधान झालं. पायनं दीड एमबीपीएसमध्ये चांगलं चित्र दिलं. घरच्या फायबरला अपलोड 40 चा होता, म्हणजे जागाच जागा.

खरी अडचण पुढं होती. दुपारी एकपर्यंत घरातल्या घरात सगळं चालत होतं, माझ्या मोबाइलवर, काकांच्या मोबाइलवर, आणि बाहेरनं काही केल्या उघडेना. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरनं आत यायचं दार, उघडलं, पुन्हा तपासलं, फायरवॉल बघितली. मग राउटरचा बाहेरचा आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, बघितला तर 100.72 नं सुरू होणारा, आणि तिथंच कळलं. 100.64 ते 100.127 हा पट्टा इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापराचा असतो, म्हणजे या घराला स्वतःचा पब्लिक आयपीच नाही, सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक घरांत एकच पत्ता वाटायच्या सोयीच्या, मागं आहे. काकांना सांगितलं ते असं, की काका, मोठा वाडा आहे, 40 बिऱ्हाडं आहेत आणि दिंडी दरवाजा एकच. आतला माणूस कधीही बाहेर जाऊन येऊ शकतो, पण बाहेरनं कुणी नुसतं वाड्याच्या पत्त्यावर पत्र टाकलं तर ते कुणाचं हे दारावरच्याला कळत नाही, तो परत पाठवतो. काका लगेच म्हणाले, "मग आतल्यानंच जाऊन आणायचं की पत्र." अगदी तेच करायचं होतं.

कंपनीला फोन केला, स्टॅटिक आयपी, म्हणजे घराचा स्वतःचा कायमचा पत्ता, मिळतो पण सोमवारनंतर, आणि आपलं विसर्जन शनिवारी. मग टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. ते आतनं स्वतःच बाहेर फोन लावतं आणि दोन्हीकडचे लॅपटॉप, पाय, मोबाइल यांची एक खाजगी गल्ली तयार करतं, वायरगार्ड या कुलूपबंद जोडणीवर चालतं, पोर्ट उघडायची भानगड नाही आणि तिसऱ्या कुणाला आत येता येत नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं, लोक घाईत घरचं पोर्ट जगाला उघडून ठेवतात आणि आपण कॅमेऱ्यांची कामं करणाऱ्यांनी तरी तसं करू नये. जाताजाता मी पायवर सबनेट राउटही चालू करून ठेवला, म्हणजे पायमधनं घरातल्या बाकीच्या डब्यांपर्यंत पोचायची वाट, काही बिघडलं तर घरी बसून मला काकांच्या राउटरचं पान उघडता यावं. तेवढाच हेतू होता.

डब्लिनला तेव्हा सकाळ होती. जावयांना व्हिडिओ कॉलवर सांगत सांगत लॅपटॉपवर टेलस्केल, व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेयर, मग लॅपटॉप टीव्हीला, असं करत पाऊण तास गेला. चित्र तुटत होतं, कारण पाय मी घाईत वायफायवर ठेवला होता आणि मधे दीड फुटी दगडी भिंत, जुनं घर. लॅनची वायर ओढली आणि तुटणं थांबलं, एकदम गुळगुळीत. तिकडं काकू सोफ्यावर बसलेल्या, मांडीवर बाळ. टीव्हीवर आपल्या चॅनलची खालची जाहिरातीची पट्टी सरकत होती, कापड दुकान, डेंटल क्लिनिक, मंगल कार्यालय. काकू ती पट्टी वाचत होत्या. मोठ्यानं.

निघताना इन्व्हर्टर बघितला. मागचं बटण साध्या मोडवर होतं, त्यात लाइट गेल्यावर क्षणभर जो गॅप पडतो त्यात राउटर रीस्टार्ट होतो, म्हणून ते यूपीएस मोडवर केलं आणि सेटटॉप बॉक्स, पाय, फायबरचा डबा तिन्ही त्यावर घेतले. मला वाटलं सगळं झालं.

शनिवारी मला बोलावलं नव्हतं, पण रात्री नऊला मी गेलोच. पुण्याहनं धाकटी सून, म्हणजे आमच्या वहिनी, आलेल्या, त्यांनी दारात रांगोळी काढून ताम्हण तयार ठेवलेलं. डब्लिनला साडेचार वाजले होते. फोनवर काकू, टीव्हीवर मिरवणूक, आणि टीव्हीचं चित्र तिकडं सात-आठ सेकंद उशिरा जायचं, त्यामुळं काका इकडनं "कमानीखाली आला बघ" म्हणायचे आणि काकू तिकडनं "कुठंय, कुठंय" आणि मग "हां, आला आला". तासभर हे चाललं होतं आणि दोघांनाही त्याचा कंटाळा नव्हता.

सव्वादहाला मंडळ कोपऱ्यावर आलं आणि लाइट गेली. गेली म्हणजे घालवली, उंच देखावा गल्लीतनं जाताना वायरला लागू नये म्हणून महावितरणकडनं बंद करतात आणि ते बरोबरच आहे, पोरं पुढं बांबूनं वायरी उचलत चालतात, जीव महत्त्वाचा. इन्व्हर्टरनं झटका न देता घेतलं, राउटर चालू, पाय चालू, आणि टीव्हीवर 'नो सिग्नल'. मी बघतच राहिलो. घरातलं सगळं मी इन्व्हर्टरवर घेतलं, पण केबलचा सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर बाहेर खांबावर, त्याची लाइट गल्लीच्याच लाइनवर. तो विचार मी करायला हवा होता, केबलची कामं मीही केलीत. ती चूक माझीच.

फोनवर काकू विचारत होत्या, काय झालं, चित्र का गेलं, आपल्या दारात आला का. ढोल इतके जवळ आलेले की काकांना फोनवरचं काही ऐकू येईना. मोबाइलवरनं व्हिडिओ कॉल करून दाखवावं म्हटलं तर वहिनींचा आणि माझा दोन्ही मोबाइलचा नेट गर्दीनं बसलेला, आणि घरचं वायफाय दारापर्यंत पोचत नाही, तीच दगडी भिंत.

आणि तेवढ्यात फाटकावरचा कॅमेरा दिसला. माझाच, दोन वर्षांपूर्वी लावलेला, तोंड बरोबर दाराकडं आणि रस्त्याकडं. सीसीटीव्ही मी पहिल्यापासनं इन्व्हर्टरवरच देतो, त्यामुळं तो चालू होता, वायर लॅनची, आणि काल मी माझ्या सोयीसाठी उघडलेला सबनेट राउट म्हणजे डब्लिनच्या लॅपटॉपला आता काकांच्या घरातलं सगळं नेटवर्क दिसत होतं, कॅमेऱ्यासकट. आत पळालो, कॅमेऱ्यात फक्त बघण्यापुरता वेगळा युजर केला, आरटीएसपीचा, म्हणजे कॅमेऱ्याचं थेट चित्र उघडायचा, पत्ता जावयांना पाठवला, म्हटलं व्हीएलसीमध्ये हा टाका, लवकर. माझे हात थरथरत होते हे खरं सांगतो, कारण देखावा दहा घरांवर आला होता आणि आपल्या दारासमोर मंडळ थांबून थांबून किती थांबणार.

जावई म्हणाले, "आलं. काळंपांढरं आहे."

गल्लीत अंधार, त्यामुळं कॅमेरा नाइट मोडवर, सगळं राखाडी. मी त्यांना सांगत होतो की रंग येणार नाहीत, रात्रीचं असंच दिसतं. काकू मात्र बोलायला लागल्या होत्या. आपलं दार. तुळस. पायरीवर वहिनी. चॅनलवर तासभर अख्खी मिरज बघताना त्या इतकं बोलल्या नव्हत्या. मग जनरेटरवरचा तो देखावा सगळ्या लाइटसकट फाटकासमोर आला, कॅमेऱ्याला उजेड मिळाला आणि त्यानं स्वतःच मोड बदलला. माझ्या मोबाइलवर मी तेच चित्र बघत होतो, राखाडीवरनं एकदम रंगात आलं, रांगोळीची हळद पिवळी, वहिनींची साडी हिरवी, आणि मागं गणपती.

वहिनींनी औक्षण केलं. ढोल थांबले होते. कॅमेऱ्याचं चित्र दीडेक सेकंदातच पोचत होतं, त्यामुळं फोनवरनं काकूंचा आवाज वेळेवर आला. "अगं, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला गूळ-पाणी दे, तो सकाळपासनं बसलाय त्यावर, त्याला कुणी विचारत नाही. दरवर्षी मी देते."

वहिनी आत पळाल्या, तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. ड्रायव्हरनं पाणी पिऊन तांब्या परत दिला आणि घरात बघून विचारलं, "काकू कुठायत?" काकांनी वर कॅमेऱ्याकडं बोट दाखवलं. त्यानं वर बघून हात जोडले आणि ट्रॅक्टर पुढं घेतला.