थिसलगॉर्म: पोहोच बाकी

पहाटे साडेतीनला इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या धक्क्यावरून बोट सुटली आणि साडेचारला मी कठडा धरून रात्रीचं जेवण तांबड्या समुद्राला परत करत होतो. "दाजी, गोळी घेतली होती ना?" मेहुण्याने विचारलं. घेतली होती. तीही गेली. हा प्राणी दुबईत नोकरी करतो, महिन्यातून दोनदा डायव्हिंग करतो आणि त्यानेच मला या भानगडीत ओढलं. मी तारकर्लीत शिकलो, पुढचा कोर्स केला, तो फक्त थिसलगॉर्म हे एक बुडालेलं जहाज बघायला.

कारण सांगतो. आमचा धंदा ट्रान्सपोर्टचा. भिवंडीत ऑफिस, तीन पिढ्या. आजोबांची पहिली गाडी बेडफर्ड ट्रक. मी पाहिली तेव्हा ती अंगणात विटांवर उभी होती आणि आम्ही पोरं तिच्या स्टिअरिंगवर भांडायचो. मेहुण्याने एकदा फोनवर व्हिडिओ दाखवला. समुद्राच्या तळाशी एका ओळीत बेडफर्ड उभ्या. मग काय.

एसएस थिसलगॉर्म एप्रिल १९४० मध्ये इंग्लंडमधल्या संडरलंडला पाण्यात उतरलं. लांबी सुमारे १२६ मीटर, मालवाहू. जून १९४१ मध्ये ते ग्लासगोहून इजिप्तमधल्या ब्रिटिश फौजांसाठी सामान घेऊन निघालं. भूमध्य समुद्रात जर्मन-इटालियन विमानं आणि पाणबुड्या, म्हणून सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून, केपटाऊनवरून वर. चार महिने. सुवेझच्या आखाताच्या तोंडाशी आल्यावर पुढची वाट अडलेली, म्हणून शाब अलीच्या खडकांच्या आडोशाला नांगर टाकून थांबलं. ट्राफिकमध्ये गाडी उभी राहिली की आमच्याही पोटात गोळा येतो, इथे तर वर आकाश मोकळं. ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री क्रीट बेटावरून आलेल्या जर्मन हाइंकेल विमानाने बॉम्ब टाकले. ते पडले मागच्या चार नंबरच्या गोदामाजवळ, आणि तिथेच दारूगोळा भरलेला. नऊ माणसं गेली. अँगस मॅक्ले नावाचा खलाशी जळत्या डेकवरून मागे धावला आणि एका जखमी तोफचीला घेऊन आला. त्याला पुढे जॉर्ज मेडल हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं.

फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तोने पन्नासच्या दशकात हे जहाज शोधलं, नंतर जग पुन्हा विसरलं. नव्वदच्या दशकात डायव्हर आले ते आलेच. आम्ही पोचलो तेव्हा सहा बोटी आधीच हजर. एसटी स्टँड परवडला.

दोर धरून खाली उतरलो. प्रवाह इतका की झेंड्यासारखे आडवे झालो होतो. पंधरा-सोळा मीटरवर डेक आला आणि वारं पडावं तसं सगळं शांत झालं. गाइडने टॉर्च फिरवला, आम्ही गोदामाच्या तोंडातून आत शिरलो.

आणि समोर बेडफर्ड. गंजून तपकिरी झालेली, पण बॉनेट ओळखता येतं, स्टिअरिंगच्या जागी नुसतं कडं. हौद्यात मोटरसायकली, बीएसए कंपनीच्या, शेजारी शेजारी उभ्या, हँडल एकमेकांत अडकू नयेत अशा बेताने लावलेल्या. टायर अजून चाकांवर. मी तिथेच थबकलो. गाडीत गाडी भरली होती! रिकामी जागा म्हणजे बुडालेलं भाडं, हे आजोबांचं वाक्य, आणि ग्लासगोच्या कुठल्या तरी हमाल-मुकादमाला ते पाठ होतं. दिवे मात्र बऱ्याच गाड्यांचे गायब. ते युद्धाने नेले नाहीत, आमच्यासारख्या पाहुण्यांनी नेले.

पुढच्या कप्प्यात रबरी बुटांचा ढीग. गुडघ्यापर्यंतचे, काळे, काहींचे तोंड वर. एका बुटात चिमुकला मासा राहत होता. टॉर्च पडताच आत गेला आणि लगेच बाहेर डोकावला. वाळवंटातल्या फौजेला पावसाळी बूट कोणी पाठवले, हे मला आजही कळलेलं नाही.

हा माल ज्यांना जायचा त्या फौजेत आपलीही माणसं होती. नोव्हेंबर १९४१ च्या उत्तर आफ्रिकेतल्या लढाईत चौथी भारतीय डिव्हिजन होती आणि १९४२ मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. त्या मोटरसायकली, ते बूट कुणाच्या नावाने निघाले होते, देव जाणे.

मी बघत बसलो आणि हवेचा काटा बघायचा राहिला. मेहुण्याने खांद्यावर टपली मारून दाखवला: लाल पट्ट्याच्या थोडाच वर. आपली बुडबुड्यांची रांग वर लोखंडी छताला चिकटून चंदेरी डबकं होत होती. आत अडकलेली ही हवाच जहाज लवकर गंजवते, हे गाइडने सकाळी सांगितलं होतं. तेव्हा मी उलटी आवरण्यात गुंग होतो.

दुसऱ्या उडीत बाहेरूनच फिरलो. स्फोटाने डेकवरची दोन रेल्वे इंजिनं उडवून बाजूच्या वाळूत फेकली आहेत. तीस मीटरवर एक दिसलं, त्याच्याभोवती बॅटफिश मासे घिरट्या घालत होते. मागचा भाग कलता पडलाय, त्यावर तोफ अजून जागच्या जागी.

वर आल्यावर गाइडने ऊन खात बसलेल्या मला चहा दिला. "हबीबी, कसं वाटलं?" मी म्हटलं, भरणी चांगली होती.

मेहुणा हसला. "दाजी, पोहोच कुठाय?"