"पण मी त्याच्याशी बोलू कुठे?"

आज कॉलेजच्या पोरापोरींसोबत पुठ्ठा, जुने मोजे आणि फेव्हिकॉल घेऊन रोबोट बनवले. ताण आला, झोप लागेना, तर सोबतीला कसा रोबोट हवा, एवढाच प्रश्न.

आधी त्यांना अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचा २०२० मधला अभ्यास सांगितला. वसतिगृहातल्या ३५ विद्यार्थ्यांच्या खोल्यांत जिबो हा टेबलावरचा रोबोट ठेवला होता. तो मन हलकं करणारे छोटे सराव करून घ्यायचा आणि मुलांना त्याचा फायदा झाला.

लगेच एकीने विचारलं, "खोलीत आम्ही चौघी. मी त्याच्याशी बोलू कुठे?" तिने मग तोंड नसलेला रोबोट केला. मोज्यात कापूस भरला, कॅमेऱ्याच्या जागी काळी चिकटपट्टी. "नुसता मांडीवर घ्यायचा. माझा श्वास संथ झाला की त्याचाही व्हावा." किती नेमकं मागितलं पोरीने!

मागच्या बाकावरून हळूच प्रश्न आला, "मी त्याला सांगितलं की जगावंसं वाटत नाही, तर?"

तिथे यंत्राने थांबायलाच हवं आणि माणूस जोडून द्यायला हवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मोफत, चोवीस तास. चेहरा, आवाज, रंग सगळं नंतर. उद्या आम्ही हाच भाग आधी आखायला घेतोय.