लोदोसने दिलेला जादा दिवस

ग्रुपला पहाटे साडेचारचा वेक-अप कॉल दिला होता, पण त्याआधीच खिडक्यांच्या धडधडीने सगळे जागे झाले. इस्तंबूलमध्ये नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला लोदोस म्हणतात. मार्मारा समुद्रावरून येतो, ऑक्टोबरच्या अखेरीसही अंगाला कोमट लागतो, आणि चेकाळला की धक्क्यांवर लाटा फोडत बॉस्फरसवरच्या बोटी बंद पाडतो. त्या दिवशी त्याने आमचं मुंबईचं विमानही बंद पाडलं. पाच वाजता मेसेज आला: आजचं उड्डाण रद्द, पुढचं उद्या संध्याकाळी.

मी टूर मॅनेजर आहे. सोबत 22 जण, त्यातले बरेचसे साठी ओलांडलेले, निम्मे शाकाहारी. बॅगा भरून लॉबीत आणलेल्या, आणि आमच्या खोल्या त्याच दुपारी दुसऱ्या ग्रुपला दिलेल्या. विमान कंपनीने विमानतळाजवळचं हॉटेल देऊ केलं, दोन वेळच्या बुफेसकट. इस्तंबूलचा नवा विमानतळ काळ्या समुद्राच्या बाजूला, जुन्या शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर आहे. तिथे गेलो असतो तर पुढचा दीड दिवस हायवेकडे बघत काढावा लागला असता. माझं या शहरावर मनापासून प्रेम आहे. तिथे एक मोकळा दिवस मिळालेला असताना माणसांना काचेच्या खोलीत कोंडायचं, हे मला पटेना. आमच्या ऑफिसला फोन करून मी शहरातच राहायची परवानगी मिळवली आणि रूमिंग लिस्ट घेऊन बसले.

इस्तंबूलमध्ये कुठे राहायचं, याचं माझं उत्तर समोरचा माणूस बघून बदलतं. गुडघे दुखणाऱ्यांना मी डोळे मिटून सिर्केजी सांगते. भाग फार देखणा नाही, पण हॉटेलांना लिफ्ट आहेत, ट्राम दारात आहे, एमिनोनूच्या बोटींचा धक्का पाच-सात मिनिटांवर. शिवाय 1890 मध्ये बांधलेलं, पॅरिसहून येणाऱ्या जुन्या ओरिएंट एक्सप्रेस गाडीचं शेवटचं स्टेशन शेजारी. त्याच्या रंगीत काचांच्या गोल खिडक्यांतून दुपारचं ऊन येतं तेव्हा प्लॅटफॉर्मवर नुसतं बसून राहावं. ग्रुपमधल्या बारा जणांची तिथे सोय करून दिली.

जिने चढू शकणाऱ्यांसाठी सुलतानअहमद. या भागातल्या जुन्या लाकडी घरांची छोटी हॉटेलं झाली आहेत. खोल्या लहान, जिने अरुंद, पण गल्लीवर झुकलेल्या सज्जात बसून चहा प्यायला मिळतो. आया सोफिया आणि तोपकापी राजवाड्याची भिंत यांच्यामध्ये सोऊकचेश्मे नावाची एक गल्ली आहे. 1980 च्या दशकात चेलिक गुलेरसोय यांनी तिथली पडकी घरं जुन्या रूपात पुन्हा उभी करून त्यांत पाहुण्यांची सोय केली, आणि जुनी घरं पाडण्याऐवजी त्यांची हॉटेलं करावीत ही कल्पना सगळ्या परिसरात रुजली. तिथे खोली घेताना मी एक गोष्ट आधी सांगते: पहाटेची अजान. समोरासमोरच्या दोन मोठ्या मशिदींचे मुअज्जिन आळीपाळीने एकेक ओळ घेतात. काही जण त्यासाठी मुद्दाम गच्चीवर जातात, काहींची मात्र झोप मोडते. आठ जणांनी ऐकून घेतलं आणि हो म्हणाले.

राहिलं एक जोडपं. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "ताई, वरचे पैसे मी भरतो, पण पेरा पॅलेसमध्ये एक रात्र जमेल का?" जमलं. हे हॉटेल 1892 मध्ये ओरिएंट एक्सप्रेसच्या प्रवाशांसाठी उघडलं. शहरातली पहिली विजेची लिफ्ट तिथली, लोखंडी जाळीची आणि लाकडी पिंजऱ्याची, आजही जागेवर आहे. सिर्केजी स्टेशनवरून पाहुण्यांना ज्या डोलीतून आणत, ती डोलीही हॉटेलात मांडून ठेवली आहे. आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क उतरत ती 101 नंबरची खोली संग्रहालय म्हणून जपली आहे. एरवी मी तिथे राहायचा सल्ला देत नाही, फार महाग पडतं. घुमटाखालच्या दालनात दुपारचा चहा घेऊन परत यावं असं सांगते. पण काकांनी आयुष्यभर रेल्वेची नोकरी केली होती, आणि त्या लिफ्टशी ते जे हरखून उभे राहिले ते पाहता त्यांचा तो खर्च अगदी योग्य जागी झाला.

साडेअकराला सगळे मोकळे झाले. आता जेवण. आमच्या ठरलेल्या कार्यक्रमात जेवण म्हणजे भारतीय रेस्टॉरंट नाहीतर हॉटेलचा बुफे. ती व्यवस्था का करतात ते मला ठाऊक आहे, बावीस जणांची पोटं सांभाळायची असतात. पण आठवडाभर इस्तंबूलमध्ये राहून पनीर खाऊन परत जाणारी माणसं पाहून मला मनापासून वाईट वाटतं. आज कार्यक्रमच नव्हता. मी म्हटलं, चला, आशियात जेवायला जाऊ.

कादिकोय हा पलीकडच्या, आशियाई किनाऱ्यावरचा भाग. एरवी बोटीने जायचं, पण बोटी बंद. मग मार्माराय. समुद्राखालून जाणारी ही रेल्वे ऑक्टोबर 2013 मध्ये सुरू झाली. सिर्केजीला जमिनीच्या पोटात शिरणारे सरकते जिने उतरताना काका सगळ्यांचे गाईड झाले: बोगदा एका ठिकाणी पाण्याखाली सुमारे 60 मीटरवर आहे, आणि समुद्राखालचा भाग खोदला नसून तयार नळ्या समुद्राच्या तळाशी सोडून एकमेकींना जोडल्या आहेत. मी भर घातली की येनिकापी स्टेशनसाठी खणताना बायझंटाईन काळातलं बंदर आणि 37 जहाजांचे अवशेष मिळाले, म्हणून काम कित्येक वर्षं लांबलं. चार मिनिटांत आम्ही पलीकडे. वर वादळ चाललंय याचा पत्ताही लागला नाही.

कादिकोयच्या बाजारात गुनेशलीबाहचे नावाची गल्ली आहे. मासेवाले, लोणचीवाले, मधवाले, आणि त्यांच्यामध्ये चिया सोफ्रासी. मुसा दाअदेविरेन यांनी 1987 मध्ये कबाबचं दुकान टाकलं आणि नंतर अनातोलियाच्या गावोगाव फिरून विसरत चाललेले पदार्थ गोळा केले. लोक काय खातात ते त्यांनी लिहूनही ठेवलं. इथे मेन्यूकार्ड वाचत बसायची गरज नाही. एका बाजूला थंड भाज्यांचा, कोशिंबिरींचा ओटा, ताटली भरायची आणि वजनावर पैसे द्यायचे. दुसऱ्या बाजूला गरम पातेली. बोट दाखवायचं, वाढणारा वाढतो.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तुर्की जेवणात मांस दिसत नाही म्हणजे ते नसतंच असं नाही. मसुराचं सूप दिसायला आपल्या वरणाच्या घराण्यातलं, पण पुष्कळ ठिकाणी त्यात हाडांचं पाणी असतं. पांढऱ्या घेवड्याच्या रश्श्यातही तेच. म्हणून मी प्रत्येक पातेल्याशी "एत सुयू वार मी?" असं विचारते, म्हणजे मटणाचं पाणी आहे का. निर्धोक मार्ग म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या: वांगी, आर्टिचोक, लाल ठिपक्यांचा घेवडा, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात. हा एक वेगळा विभागच असतो, आणि बुफेतल्या पनीरपेक्षा तो शंभर पटींनी चांगला.

आमच्यातल्या एक काकू आठवडाभर घरून आणलेल्या दशम्या आणि चटणीवरच होत्या. त्या त्या ओट्यापाशी थबकल्या. दह्यात कालवलेली एक पालेभाजी होती. चष्मा वर करून त्यांनी वाकून पाहिलं, चमच्याने एक पान बाजूला काढलं, त्याचं जाडसर लालसर देठ दोन बोटांत दाबलं आणि म्हणाल्या, "अगं, ही घोळ आहे." खरोखरच घोळ होती. शेताच्या बांधावर उगवते तीच. इथे तिला सेमिझोतू म्हणतात, लसूण घालून दह्यात देतात. काकूंनी वाढणाऱ्या माणसाला मराठीतून विचारलं की फोडणी का नाही दिली. त्याने तुर्कीतून काहीतरी सांगितलं आणि ऑलिव्ह तेलाची बाटली दाखवली. मी मध्ये पडले नाही. पाच मिनिटं दोघांचं आपापल्या भाषेत चाललं होतं, आणि त्यानंतर त्याने काकूंना तीन पातेल्यांची झाकणं उघडून आतलं दाखवलं. त्या दिवशी काकू जेवल्या. नीट, दोनदा वाढून घेऊन.

शेवटी गोड. पाकातला भोपळा आपल्याला नवा नाही, पण पाकातले अख्खे कोवळे अक्रोड, टोमॅटो, ऑलिव्ह? सालीसकट अक्रोड, काळाभोर, बाहेरून किंचित करकरीत आणि आत पाकाने भरलेला. एकेक तुकडा सगळ्यांच्या तोंडात गेला आणि टेबलावर बोलणं थांबलं.

दुपारची पांगापांग झाली. ज्यांना मिठाई न्यायची होती त्यांना हाजी बेकिरकडे नेलं. 1777 पासूनचं हे घराणं, लोकुम, म्हणजे टर्किश डिलाईट, घ्यायचं तर तिथलंच घ्यावं. पर्यटकांच्या बाजारातल्या रंगीबेरंगी ढिगाऱ्यांपेक्षा साधं गुलाबाचं किंवा पिस्त्याचं चांगलं. तरुण मंडळी बायलानमध्ये आईस्क्रीम खायला गेली. उरलेल्यांना घेऊन मी कॉफीला बसले. तुर्की कॉफी गाळत नाहीत, चोथा तळाला बसू द्यायचा, म्हणून घाई चालत नाही. साखर उकळतानाच घालतात, त्यामुळे ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. ओर्ता म्हटलं की मध्यम गोड.

साडेचारच्या सुमारास वारा पडला. धक्क्यावरच्या पाटीवर बोटींच्या वेळा पुन्हा दिसायला लागल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, कारण या शहरातली माझी सर्वांत आवडती चहा पिण्याची जागा बोटीवर आहे. एमिनोनूच्या बोटीत कमरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यातून चहा देतात. बाहेरच्या बाकावर बसायचं, पेला कडेने धरायचा. समोर तोपकापी, आया सोफिया, सुलेमानिये असे घुमट एकामागोमाग पुढे येतात. एखाद्या टॉवरवरच्या रेस्टॉरंटमध्ये याच दृश्यासाठी शंभर पटींनी जास्त पैसे मोजतात, आणि तिथे समुद्राचा वास येत नाही. लाटा अजून मोठ्या होत्या, बोट चांगलीच डोलत होती, पण आत जायला कोणी तयार होईना.

एमिनोनूवरून टॅक्सी करून आम्ही वेफाला गेलो. सुलेमानिये मशिदीच्या मागच्या उतारावरची ही जुनी वस्ती. मिमार सिनानने बांधलेली ही मशीद 1557 मध्ये पूर्ण झाली, तिच्या आवारात भटारखानाही होता. ऑटोमन काळात अशा ठिकाणी वाटसरूंना तीन दिवस फुकट जेवण मिळे. विमान रद्द झालेल्या माणसांना हे सांगायला मला फार आवडलं.

वेफा बोझाजिसी हे दुकान 1876 चं. उंबऱ्याचा संगमरवर दीडशे वर्षांच्या पावलांनी मधोमध खोलगट झाला आहे. भिंतींवर जुन्या फरशा, मोठे आरसे, आणि एका काचेखाली अतातुर्कने 1937 मध्ये ज्यातून बोझा प्यायला तो पेला. ओगराळ्याने काढलेला दाट, फिकट पिवळा बोझा पेल्यांत भरून ठेवलेला असतो. भरडधान्य शिजवून, गाळून, साखर घालून आंबवतात. आंबवलेला असल्याने त्यात अगदी किंचित, एखादा टक्का किंवा त्याहून कमी अल्कोहोल असतं. हे मी आधीच स्पष्ट सांगितलं, कारण ग्रुपमधल्या एका आजोबांचा नेम मला ठाऊक होता. त्यांनी नको म्हटलं. बाकीच्यांनी समोरच्या दुकानातून गरम फुटाणे आणले. तशीच रीत आहे: वरून दालचिनी, मग फुटाणे टाकायचे आणि चमच्याने खायचं.

पहिल्या घासाला चेहरे वाकडे झाले, मग काकू म्हणाल्या, "आंबील आहे ही. साखर घातलेली आंबील." इतकं पुरलं. त्या एका ओळखीवर निम्म्या जणांनी पेले रिकामे केले. आजोबांनी आपली फुटाण्यांची पुडी सगळ्यांत फिरवली आणि आरशाखालच्या बाकावर बसून दुकानदाराला खुणेनेच विचारलं, हे फुटाणे भाजता कशात? फुटाणे आमचे नाहीत, पलीकडच्यांचे, असं दुकानदाराने दाखवल्यावर आजोबा रस्ता ओलांडून तिकडे चौकशीला गेले.

दुसऱ्या दिवशी विमान वेळेवर सुटलं. मुंबईला उतरल्यावर मी ऑफिसला सविस्तर लिहिलं: शेवटच्या दिवसाचा बुफे काढा, त्या जागी कादिकोय घाला, शाकाहारींची यादी मी आधी पाठवीन. थोडी कुरबुर झाली, दोन बैठका झाल्या. पुढच्या हंगामापासून आमच्या छापील कार्यक्रमात शेवटच्या दुपारी कादिकोय आहे. हवा चांगली असेल तर बोटीने, लोदोस असेल तर मार्मारायने.