तलावासाठी नाव कोणती घ्यावी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसलो की कोणी ना कोणी येऊन हेच विचारतं, “गुरुजी, आत जाऊन माशांसाठी गरी टाकाची आहे, स्वस्तातली नाव कोणती घेऊ?” किमतीचं नंतर. आधी सांगा, पाणी कोणतं?

आमच्या भंडारा-गोंदियातल्या साकोली-अर्जुनी मोरगावकडे दोन तऱ्हेचं पाणी आहे. एक मालगुजारी तलावांचं. कोहळी समाजाच्या मंडळींनी धानासाठी हे तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी गेली, तलाव राहिले. बहुतेक ठिकाणी नाव ढकलायचा बांबू तळाला टेकतो, पण खाली गाळ असतो, वर चिला-पोवनसारखं पाणगवत, कमळाची पानं आणि काठाला बेशरमीची झुडपं. दुसरं पाणी इटियाडोह, गोसीखुर्दसारख्या धरणांचं. तिथे बांबू टेकत नाही, बुडालेल्या झाडांची खुंटं पाण्याखाली दबा धरून असतात, आणि उन्हाळ्यात वावधन, म्हणजे वादळी वारा सुटला की मोकळ्या पाण्यावर लाटा चढत येतात. थोड्या पैशांची नाव या दोन्ही पाण्यांवर चालत नाही. ती तलावासाठीच घ्या आणि तलावातच ठेवा.

मी स्वतः सुरुवात ट्रकच्या ट्यूबवर केली. मधे दोरीची जाळी, तिच्यावर फळी. मोठी ट्यूब शंभरेक किलो सहज उचलते, म्हणून मला ती पुरेशी वाटली. पण ट्यूबला ना पुढची बाजू, ना मागची. वल्हं मारलं की ती जागच्या जागी फिरते, आणि वारा नेईल तिकडे जाते. एका दुपारी वाऱ्याने मला थेट बेशरमीच्या गचपणात नेऊन घातलं. तिथे काटा की खुंट, काय लागलं ते दिसलं नाही, पण हवा जायला लागली. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून खाली उतरलो, तर पाय गुडघ्यापर्यंत गाळात रुतले. एक पाय काढायला जावं तर दुसरा आणखी खाली. शिंगाडे काढणाऱ्या एका धिवर (मच्छीमार समाजातल्या) काकांनी आपला डोंगा, म्हणजे अरुंद लाकडी नाव, जवळ आणला आणि मला त्याच्या कडेला धरून ओढत काठावर नेलं. म्हणाले, “गुरुजी, पाण्यात उतराचं नाही. गाळ सोडत नाही माणसाले.” त्या दिवसापासून मी ट्यूबवर बसलो नाही आणि कोणाला बसूही देत नाही.

थर्माकोलचे ठोकळे बांधून तराफा करणारे पुष्कळ आहेत. तो तरतो छान. पण उन्हाने ठोकळे भुरभुरतात, दाणे पाण्यात पसरतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. ज्या तलावातले मासे आपण खातो, त्यात हे सोडणं मला पटत नाही. हवा भरायची रबरी नाव पिशवीत मावते, हे खरं, पण आमच्या पाण्यात काटे आणि खुंटं फार.

मग धिवरांचा डोंगाच का घेऊ नये? एका खोडातून कोरलेला डोंगा गवतातून सापासारखा सरकतो. पण तेवढं खोड आता मिळत नाही, आणि डोंग्यावर तोल सांभाळणं हे लहानपणापासूनच्या सवयीचं काम आहे. त्याची रुंदी दीड फूट, फार तर दोन. रुंदी दुप्पट झाली की कलंडण्याला होणारा विरोध जवळपास आठपट होतो. काकांचं शरीर जे करतं ते तुमच्यामाझ्यासाठी नावेच्या रुंदीने करायला हवं.

म्हणून माझं उत्तर आहे, सपाट तळाची फायबरची नाव, दहा फूट लांब, साडेतीन ते चार फूट रुंद. अशी नाव एक इंच खाली जायला साठेक किलो वजन लागतं. नावेचं पन्नास-साठ किलो, दोन माणसं, डबा, गरी धरून सव्वादोनशेपर्यंत जा, चारेक इंच बुडेल. भरल्यानंतर नावेचा काठ पाण्याच्या वर वीतभर राहिलाच पाहिजे. त्याहून कमी दिसला तर एक जण खाली उतरेल, मग तो सख्खा भाऊ का असेना. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात एका नावेत अकरा जण होते. आठ बुडाले.

घेताना रंग पाहू नका, बाकाखाली हात घाला. फायबर पाण्याहून जड असतं, पाणी भरलं की तळ गाठतं. बाकांखाली बंद पोकळी किंवा भरलेला फोम हवा. विकणाऱ्याला सांगा, काठाजवळ नाव पाण्याने भरून दाखव. भरूनही तरंगली तर घ्या. तो कां-कू करायला लागला तर परत या. माझी नाव जुनी घेतलेली, अठरा हजारांची, आणि हीच परीक्षा घेऊन. वल्ह्याऐवजी मी बारा फुटी बांबू वापरतो, गवतात तोच कामाचा. नांगर म्हणून दगड चालतो, पण दोरी नावेच्या टोकाला बांधा. बाजूला बांधली तर वाऱ्यात काठ खाली ओढला जातो.

आणखी एक. तलावातला मासा बेवारस नाही. मच्छीमार संस्थेने तलाव ठेक्याने घेतलेला असतो, रोहू-कतल्याचं बीज त्यांनी पैसे देऊन सोडलेलं असतं. नाव घेण्याआधी त्यांच्या अध्यक्षांकडे जा, परवानगी घ्या, काय द्यायचं ते ठरवा. त्यांची जाळी कुठे लागली आहेत तेही तेव्हाच कळतं. नाही म्हणाले तर नाव घेऊ नका.

पंधरा हजार असतील तर तेरा हजारांची नाव बघा आणि उरलेल्यात दोन चांगली लाइफ जॅकेट घ्या. ती अंगात घालायची, बाकाखाली ठेवायची नाहीत. येत्या रविवारी सकाळी मी पाळीवर आहे, बसून बघायचं असेल तर या. पोहता येत असलं तरी जॅकेट घालूनच बसवीन.