दुसऱ्या गाण्यानंतरचं थँक्यू

टँगोचा नाच, चार गाण्यांचा तांदा, म्हणजे एकाच जोडीनं सलग नाचायची फेरी. दुसरं गाणं संपलं आणि तिसरं सुरू व्हायच्या आत माझ्याबरोबर नाचणाऱ्या अक्का "थँक्यू" म्हणून खुर्चीकडे गेल्या. एवढंच झालं. पावसानं झड धरलीय, टिळकवाडीची लाईट दोनदा जाऊन आली, आणि मी अजून त्या थँक्यूपाशीच.

थँक्यूचं काय एवढं, पाण्याचा तांब्या दिला तरी म्हणतात. पण टँगोत मध्येच म्हटलेल्या 'ग्रासियास'चा, म्हणजे स्पॅनिश थँक्यूचा, अर्थ 'पुरे' असा होतो. एका ऑर्केस्ट्राची चार गाणी, बारा-एक मिनिटं, तेवढा वेळ जोडी तीच. मग कोर्तिना वाजते, म्हणजे नाचाशी संबंध नसलेला अर्ध्या मिनिटाचा तुकडा. तेव्हा सुटायचं, आणि थँक्यूही तेव्हाच. हे गेल्या महिन्यात सगळ्यांना समजावलं कोणी? मीच. अक्का समोरच बसल्या होत्या, मान डोलावत.

फरशी असेल. शहाबादीवर रबरी तळ चिकटतो. ओचोत, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकड्यासारख्या पावलांत, बाईला एका पायावर वळायचं असतं. तळ फिरला नाही तर पीळ सरळ गुडघ्याला बसतो. चामडी तळाचे बूट सगळ्यांकडे कुठले? म्हणून कोपऱ्यात चिमूटभर टाल्कम पावडर टाकायची आणि तळ घासून यायचं. जास्त पडली की मात्र मागची जोडी घसरते. आज डबा आणायची पाळी ज्यांची होती, ते आलेच नाहीत.

की माझा डावा हात? गडबडलो की तो रेटायला लागतो. खरं तर नेणाऱ्यानं छातीनं सांगायचं, हात नुसता टेकलेला. त्यात गाणी पुग्लिएसेच्या ऑर्केस्ट्राची. दी सार्लीच्या ऑर्केस्ट्रावर साधं चाललं तरी नाच होतो, दारिएंझो ठेका हातात आणून देतो. पुग्लिएसे ताल ताणतो, मध्येच श्वास रोखून धरतो. तिथं मी एका पायावर पुरतं वजन न टाकता थांबलो. मग समोरच्याला कळतच नाही, आपला मोकळा पाय कुठला. दुसऱ्या गाण्यात असं तीनदा झालं. तेव्हा मोजलं नव्हतं, आता आठवतंय.

तरी मूळ त्याच्याही आधी आहे. ब्वेनोस आयरेसच्या जुन्या वळणाच्या मिलोंगांत, म्हणजे टँगो नाचायच्या मैफलींत, विचारायला खुर्चीपर्यंत जात नाहीत. लांबून नजर, ती टिकली तर मान हलकेच हलवायची. काबेसेओ. नको असेल तर बाई दुसरीकडे बघते. कुणाला पत्ता नाही, कुणाचं नाक कापलं जात नाही. हे आम्ही पहिल्याच महिन्यात काढून टाकलं. बेळगावात हॉलच्या या टोकाहून त्या टोकाच्या बाईकडे टक लावून बघायचं म्हणजे... सोडा. त्यापेक्षा सरळ जाऊन हात पुढे करायचा, "येताय काय अक्का?" सगळ्यांच्या देखत. नाही म्हणणार कशा? नाही म्हणायची पहिली वाट आम्हीच सभ्यपणानं बुजवली. उरली ती ही, दुसऱ्या गाण्यानंतरची.

म्हणजे अख्ख्या हॉलमध्ये नियम नीट कळलेल्या त्या एकट्याच. आणि मी रुसून बसलोय.

काबेसेओ परत आणायचा तर सगळ्या ट्यूबलाईट लावाव्या लागतील, खुर्च्या समोरासमोर, मधली जागा मोकळी. जमेल तेही. प्रदक्षिणेची सवय मोडून सगळ्यांना घड्याळाच्या उलट फिरायला लावलंच की, दोन महिने एकमेकांना धडका देत. अडचण एकच. मिठीत समोरच्याला टोचतो म्हणून मी चष्मा आधीच काढून खिडकीत ठेवतो. लांबून कुणी मान हलवली काय नि तोंड फिरवलं काय, मला सगळं सारखंच धूसर.

रविवारी जोडी ठरेपर्यंत चष्मा डोळ्यावरच. पुग्लिएसे शेवटच्या तासात. पावडरचा डबा आत्ताच पिशवीत टाकून ठेवला.